आधी ब्रेकर, मग मशीन: ओढून नेता येणारा छोटा पोकलेन निवडताना

छोटा पोकलेन घ्यायचा विचार करणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "किती फूट खणतो?" आणि दुसरा "कितीला बसतो?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण आपल्याकडे कोकणात, म्हणजे कातळावर काम करायचं असेल तर, त्यांचा नंबर नंतर लागतो. आधी हे ठरवा: हाताच्या टोकाला सगळ्यात जड काय लावणार, ते किती लांब धरणार, आणि तेव्हा मशीन कसल्या उतारावर उभं असणार. एवढं ठरलं की मशीनचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो. ते ओढायला कुठली गाडी लागेल तेही. गडबड होते ती उलट्या टोकाने सुरुवात केल्यामुळे. दारात ट्रॅक्टर आहे म्हणून ट्रॅक्टरला झेपेल असं मशीन घेतात आणि सगळ्यात शेवटी, मिळेल तो ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हायड्रॉलिक हातोडा, त्याला अडकवतात.

घाटावर काळ्या मातीत बकेटवर बरंच काम निभावतं. इथे नाही. हापूसच्या कलमासाठी खड्डा लागतो एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. दोन कलमांत दहा मीटर अंतर धरलं तर हेक्टरी १०० खड्डे. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, यातला वरचा थर म्हणजे उन्हावाऱ्याने कडक झालेला जांभा दगड. त्याला बकेटचे दात लागतात आणि नुसते घासतात. वरचं कवच फुटलं की खाली जांभा मऊ होत जातो, आणि मग चिकट माती लागते. म्हणजे एकाच खड्ड्यात आधी ब्रेकर आणि मग बकेट. शोषखड्डा असो, नळपाण्याची चर असो की घराचा पाया, सड्यावर हाच क्रम. इथल्या मशीनच्या हातात अर्धा दिवस ब्रेकरच असतो, तेव्हा निवडही ब्रेकर धरूनच करायला हवी.

ओढून नेण्याचे दोन प्रकार

"ओढून नेता येणारं" म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात.

एक म्हणजे दोन चाकांचं, थेट गाडीच्या हुकाला जोडायचं यंत्र. त्याला स्वतःच्या चेन, म्हणजे चालायचे पट्टे, नसतात. लहान इंजिन, एक बूम, एक आर्म (हाताचे दोन भाग), आणि जागेवर गेल्यावर टेकवायचे पाय. वजन साधारण अर्धा ते एक टन. जागा बदलायची तर बकेट जमिनीला टेकवून स्वतःलाच ढकलत किंवा ओढत सरकतं. बहुतेकांचा हात पूर्ण गोल फिरत नाही. मऊ मातीत चर मारायला, आगरातल्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या बागेतल्या, रेताड जमिनीत माडाचे खड्डे काढायला हे पुरतं. पण ब्रेकर चालवण्याइतकं तेल त्याचा पंप सहसा देत नाही, आणि दिलं तरी ठोक्याचा धक्का पचवायला अंगात वजन नसतं. कातळासाठी याचा विचार सोडून द्या.

दुसरं म्हणजे खरं मिनी एक्स्कॅव्हेटर, रबरी चेनवर चालणारं, ट्रेलरवर चढवून न्यायचं. दीड-पावणेदोन टनांपासून साडेतीन टनांपर्यंत. गुहागर, मुरुड, केळशीकडच्या आगरांत किंवा दोन गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) पाणंदीत शिरायचं तर रुंदी एक मीटरच्या आसपास हवी, आणि ती दीड-पावणेदोन टनी वर्गातच मिळते. यातल्या बऱ्याच मशीनच्या चेन आत-बाहेर सरकतात: पाणंदीतून जाताना ९९ सेंटीमीटर, कामाला उभं राहिल्यावर सव्वा मीटरच्या आसपास. माझ्या मते कोकणासाठी ही सोय चैनीची नाही. का, ते आता आकड्यांत बघू.

तोल नेमका कुठे जातो

पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरली तर काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरली की पाऊल पुढे टाकावं लागतं. कळशीचं वजन वाढलेलं नसतं, अंतर वाढलेलं असतं. मशीनचंही तेच. तोल ठरतो तो वजन गुणिले अंतर या हिशेबाने, आणि अंतर मोजायचं ते मशीन ज्या रेषेवरून कलंडेल त्या रेषेपासून. हात आडवा, म्हणजे चेनच्या बाजूला वळवलेला असेल, तर ती रेषा त्या बाजूच्या चेनखाली असते.

१,७०० किलोचं मशीन घ्या. चेन आत ओढलेल्या आहेत, आणि मशीनच्या मध्यापासून कलंडायची रेषा ४५ सेंटीमीटरवर आहे. मशीनला खाली दाबून धरणारा जोर झाला १,७०० गुणिले ०.४५, म्हणजे ७६५. आता बोजा मध्यापासून तीन मीटरवर धरला. रेषेपासून तो २.५५ मीटरवर आला. ७६५ ला २.५५ ने भागा: ३०० किलो. एवढ्या वजनाला मशीन आडवं होण्याच्या काठावर असेल.

काठावर काम करायचं नसतं. आयएसओ १०५६७ या मानकाप्रमाणे कंपनी जी उचलक्षमता छापते ती कलंडायच्या वजनाच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक ताकदीच्या ८७ टक्के, यातली जी कमी असेल ती. आपल्या उदाहरणात ३०० चे ७५ टक्के म्हणजे २२५ किलो. हाच बोजा दोन मीटरवर आणला तर मर्यादा ३७० किलोपर्यंत जाते. चेन बाहेर काढून रेषा ५७ सेंटीमीटरवर नेली, तर तीन मीटरवरसुद्धा जवळपास ३०० किलो. नुसते बारा सेंटीमीटर, आणि क्षमतेत एक तृतीयांश वाढ. म्हणून म्हटलं, सरकत्या चेन ही चैन नाही.

हा हिशेब समजण्यापुरता सोपा केलाय. खऱ्या मशीनचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध नसतो, हात फिरला की तोही सरकतो. खरा आकडा केबिनमध्ये किंवा पुस्तिकेत असलेल्या भार-तक्त्यात बघायचा. तक्ता वाचताना एक खोच आहे. त्यातले आकडे बहुधा आर्मच्या टोकाच्या पिनेपाशी धरलेले असतात, बकेट किंवा ब्रेकर न लावता. तक्त्यात २२५ असेल आणि तुमचा ब्रेकर कपलरसकट (अवजार झटपट बदलायच्या जोडणीसकट) १६० किलोचा असेल, तर उरले ६५. त्याच तक्त्यात "पुढे" आणि "आडवं" असे दोन रकाने असतात, आणि पुढचा आकडा ब्लेड, म्हणजे माती ढकलायची पुढची फळी, खाली टेकवून आणखी वाढवून दाखवलेला असतो. विकणारा हमखास तोच मोठा आकडा वाचून दाखवतो. तुम्ही आडव्याचा वाचा.

उतार

आता हेच मशीन कोकणात आणू, कारण वरचं सगळं सपाट जमिनीवरचं होतं.

मशीनचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण सत्तर सेंटीमीटरवर धरा. मशीन दहा अंशांच्या उतारावर आडवं उभं राहिलं की तो उताराच्या बाजूला बारा सेंटीमीटर सरकतो. ४५ मधले बारा गेले, उरले ३३. बोजाही तेवढाच सरकतो, म्हणजे रेषेपासून २.५५ ऐवजी २.६७ मीटरवर जातो. पुन्हा भागाकार केला तर तीन मीटरवरची मर्यादा, ७५ टक्के धरून, १५८ किलोवर येते. पंधरा अंशांवर ती १२० किलोच्या आसपास. म्हणजे कपलरसकट १६० किलोचा जो ब्रेकर सपाटीला निवांत चालत होता, तो दहा अंशांवरच मर्यादेला टेकला आणि पंधरा अंशांवर कलंडायच्या काठावर गेला, तेही हाताला हिसका न देता. त्यात फिरता हात झटकन थांबवला की आणखी धक्का बसतो. पंधरा अंश डोळ्यांना फार वाटत नाही. सड्यावरून आगरात उतरणाऱ्या कित्येक घाट्या आणि कलमांच्या उतरणी एवढ्या आहेतच.

म्हणून उतारावर आधी मशीनला बसायला सपाट ओटा करून घ्यायचा. बकेटनेच चढाकडची माती थोडी कापून उताराकडे दाबायची, पण भरावाच्या नव्या मातीवर चेन चढवायची नाही, ती बसते. मग चेनची लांबी उताराच्या दिशेने ठेवून, ब्लेड खाली टेकवून, काम शक्यतो चढाच्या बाजूला करायचं. जड अवजार उताराकडे आडवं वळवायचंच असेल तर आधी हात जवळ घ्या, जमिनीलगत ठेवा आणि सावकाश वळवा.

जांभ्याची एक वेगळीच खोड आहे. वरचं कवच टणक वाटतं, पण आत पोकळ्या असतात, कधीकधी चांगल्या मोठ्या. ब्रेकरचा आवाज बदलला, ठण् ऐवजी ढब् यायला लागलं, की मशीन मागे घ्या आणि पहारीने ठोकून बघा. पावसात तर चिऱ्याच्या कोरड्या बांधापासून, गडग्यापासून आणि चरीच्या काठापासून निदान चरीच्या खोलीइतकं लांब राहा.

एवढं करूनही कलंडायला लागलं तर उडी मारायची नाही. पट्टा बांधून आतच बसायचं. चौकटीची केबिन किंवा कॅनपी त्यासाठीच असते; माणूस दगावतो तो बहुधा बाहेर उडी टाकून त्याच चौकटीखाली सापडल्याने. आमच्याकडे पट्टा सीटच्या मागे खोचून ठेवलेला असतो, "मध्ये मध्ये येतो" म्हणून. यावर काय बोलायचं.

ब्रेकरची जोडी

ब्रेकर निवडताना नुसतं वजन पाहू नका, पण सुरुवात वजनापासूनच करा. प्रत्येक ब्रेकरच्या पाटीवर किंवा पत्रकात तो किती ते किती टनांच्या मशीनसाठी आहे ते दिलेलं असतं. तुमचं मशीन त्या पट्ट्याच्या मध्यावर यावं. अगदी खालच्या काठावर असेल, म्हणजे ब्रेकर मशीनला मोठा असेल, तर ठोक्याचा धक्का मशीन पचवत नाही, पिना आणि बुशिंग ढिली होतात. आणि उलट, मोठ्या मशीनला छोटा ब्रेकर लावला तर मशीन त्याला दाबून वाकवतं.

दुसरी गोष्ट तेलाची. ब्रेकरला मिनिटाला ठरावीक लिटर तेल ठरावीक दाबाने लागतं. पावणेदोन टनी मशीनची जोडलाइन, म्हणजे अवजाराला तेल पुरवणारी नळी, मिनिटाला पंचवीस-तीस लिटर देते. ब्रेकरला चाळीस हवं असेल तर तो मंद ठोकेल, आणि जास्त मिळालं तर तापेल. ब्रेकरला तेल एकाच दिशेने जायला हवं आणि परतीचं तेल कमीत कमी अडथळ्याने टाकीत उतरायला हवं. मातीत भोकं पाडायच्या ऑगरला मात्र दोन्ही दिशांनी तेल लागतं, कारण अडकल्यावर उलटा फिरवायचा असतो. दोन्ही वापरणार असाल तर मशीनला ही अदलाबदल करायची कळ आहे का ते घेतानाच विचारा. नंतर लाइन बसवून घेणं खर्चाचं आणि कटकटीचं.

ऑगरबद्दल एवढंच: वजन कमी असलं तरी तो मोठ्या ब्रेकरइतकाच धोकादायक होऊ शकतो. चिकट मातीत रुतला आणि तसाच वर ओढला, तर हाताच्या टोकाला लटकलेलं वजन ऑगरचं राहत नाही, जमिनीने धरलेल्या अख्ख्या मातीचं होतं. आधी उलटा फिरवून सोडवा, मग उचला.

ब्रेकर चालवायची रीत तोलाशीच जोडलेली आहे. छिन्नी दगडाला काटकोनात टेकवायची आणि मशीनचं वजन तिच्यावर एवढंच टाकायचं की पुढची बाजू किंचित हलकी व्हावी. चेन जमिनीवरून उचलली जाईल इतकं दाबलं तर दगड एकदम फुटल्यावर सगळं मशीन धपकन खाली येतं, आणि उतारावर ते कुठे येईल याचा भरवसा नसतो. एका जागी वीस-तीस सेकंदांत फुटलं नाही तर जागा बदलायची, काठाकडून आत यायचं. छिन्नी खालून घालून पहारीसारखी उचकायची नाही. हवेत ठोकायचं नाही. ग्रीस मारताना ब्रेकर उभा ठेवून छिन्नी जमिनीवर दाबून वर सरकवायची आणि मगच पंप मारायचा. नाहीतर ग्रीस छिन्नी आणि पिस्टनच्या मध्ये जाऊन बसतं आणि पहिल्याच ठोक्याला सील फुटतं. हे काम दिवसातून एकदा करून भागत नाही, दोन-तीन तासांनी करायचं असतं. जांभ्याची लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरचंच काम करते.

क्विक कपलर सोयीचा आहे, ब्रेकर-बकेट बदलताना घाम निघत नाही. पण तो फुकट मिळत नाही: स्वतःचं वजन तर आहेच, शिवाय अवजार दहा-पंधरा सेंटीमीटर आणखी पुढे ढकलतो. वरच्या हिशेबात ते अंतरही धरा. आणि पिन खरंच बसली की नाही हे अवजार जमिनीला टेकवून, मागे-पुढे दाबून, डोळ्यांनी बघा.

राहिला मागे वजन वाढवायचा मोह. गावातला मेस्त्री जाड प्लेटा वेल्ड करून द्यायला एका पायावर तयार असतो. कंपनीचं जादा काउंटरवेट मिळत असेल तर जरूर घ्या. घरगुती प्लेटा नकोत. वरचा भाग ज्या मोठ्या बेअरिंगवर फिरतो त्यावर ताण वाढतो, हात जवळ घेतलेला असताना मशीन मागच्या बाजूला कलंडू शकतं, आणि ट्रेलरवरचं वजनही वाढतं. मागची बाजू चेनच्या बाहेर न येणारी मशीन पाणंदीत फार बरी पडतात, पण त्यांचं काउंटरवेट मध्याच्या जवळ असतं, त्यामुळे त्याच वजनाच्या साध्या मशीनपेक्षा त्यांची आडवी क्षमता बहुधा कमी भरते. गडग्याला मागची बाजू घासायची भीती किती आणि ब्रेकर किती जड, हे तोलून निवडा.

रस्त्यावर

मशीन १,७०० किलो, ट्रेलर पाचशे-साडेपाचशे, ब्रेकर कपलरसकट १६०, दोन बकेटा, डिझेलचा कॅन, साखळ्या. अडीच टन सहज. मशीन थेट पिकअपच्या हौद्यात घालायचा बेत असेल तर लक्षात घ्या की बोलेरो पिकअप १.३ पासून २ टनांपर्यंतच्या वहनक्षमतेत येते. म्हणजे १.७ टनीत नुसतं मशीन काठोकाठ, ब्रेकरला जागा नाही.

ट्रेलर ओढताना बघायचा आकडा म्हणजे हुकावर किती भार येतो तो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास तो असावा. फार कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. फार जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जाणं आपल्याकडे कुणाला सांगायला नको. हुकापासून ट्रेलरच्या आसापर्यंत अडीच मीटर अंतर असेल तर मशीन नुसतं वीतभर, वीस सेंटीमीटर पुढे-मागे उभं केल्याने हुकावरचा भार १३६ किलोने बदलतो. म्हणून योग्य जागा एकदा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने रेघ मारून ठेवा. ब्रेकर मशीनला लावलेला असताना एक रेघ, बकेट असताना दुसरी.

भार मोजायला महाग यंत्र लागत नाही. काजू बी खरेदीवाल्याकडे असतो तसला प्लॅटफॉर्म काटा सपाट जागेवर घ्या, त्यावर लाकडी ठोकळे रचून ट्रेलरचं तोंड हुकाच्या उंचीवर टेकवा आणि आकडा वाचा.

दोन चाकांच्या छोट्या यंत्राला तर हे जास्तच लागू. समजा यंत्र ६०० किलो, हुकावर ६० किलो, आणि मागे लांबवलेल्या हाताला ३५ किलोची बकेट. ती काढून ११० किलोचं अवजार लावलं, आणि ते आसाच्या मागे तितकंच लांब आहे जितका हूक पुढे, तर ७५ किलो वाढ सरळ हुकावरून वजा होते. साठातून पंच्याहत्तर गेले. आता ट्रेलर गाडीला खाली दाबत नाही, वर उचलतोय. अशा वेळी अवजार काढून गाडीच्या हौद्यात टाकायचं, एवढंच.

घाटाचा प्रश्न ब्रेकचा आहे. कोल्हापूरहून आंबा घाट किंवा कराडहून कुंभार्ली उतरताना मागचं वजन सारखं पुढे रेटत असतं. ब्रेक नसलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्याहून जड नसावा, हा ठोकळ नियम सपाटीवरही पाळावा. घाटात तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. चढला होतात त्याच गिअरमध्ये उतरा. मशीन चार कोपऱ्यांना चार साखळ्यांनी बांधा, हात दुमडून खाली टेकवा, फिरण्याची कळ लॉक करा. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, तीही आरटीओत आधीच उरकून घ्या.

आणि चढवणं-उतरवणं. छोटी मशीनं आडवी होतात त्यातली बरीच ट्रेलरच्या फळ्यांवर होतात. ट्रेलर गाडीला जोडलेला, चाकांना अडवायला ठोकळे, ट्रेलरच्या मागच्या बाजूला आधार, फळ्या ओल्या नकोत. मशीनची जड बाजू चढाकडे, पुस्तिकेत दाखवली असेल तशी. फळीवर असताना दिशा बदलायची नाही आणि हात वळवायचा नाही. चुकतंय वाटलं तर सरळ मागे उतरून पुन्हा यायचं.

इसार देण्याआधी

शोरूमच्या काँक्रीटवर चाचणी घेऊ नका. तुमच्याच जमिनीवर मशीन मागवा, तुम्ही घेणार असाल तोच ब्रेकर लावायला सांगा, कपलरसकट. सपाटीला, मोकळ्या जागेत, चेन आत घेऊन हात आडवा वळवा, ब्रेकर जमिनीपासून वीतभर वर धरा आणि हळूहळू लांब न्या. पलीकडची चेन हलकी व्हायला लागली ते अंतर टेपने मोजा, ब्रेकर खाली टेकवा, मग चेन बाहेर काढून तेच पुन्हा. ट्रेलर कुठल्या गाडीला लावणार ती गाडीही त्याच दिवशी आणा आणि भरलेल्या ट्रेलरसकट तुमच्या घाटीचा चढ एकदा चढून-उतरून बघा. किनाऱ्यालगत राहत असाल तर वापरलेल्या मशीनच्या सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर काढायला लावून त्यावर नख फिरवा. खाऱ्या वाऱ्याने बारीक खड्डे पडले असतील तर ते नखाला लागतात, आणि तसा दांडा दर काही महिन्यांनी सील खाणार हे किमतीत धरा.

भार-तक्ता आणि ब्रेकरचं पत्रक दोन्ही कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. "नंतर व्हॉट्सॲप करतो" म्हणाले तर तुम्हीही पैसे नंतरच पाठवा.